चमकी, सांगोमा आणि राज्यघटना : दक्षिण आफ्रिकेतला श्रद्धा विरुद्ध कायदा

सायली_डरबन (धागाकर्ती)

लेकीच्या शाळेतून एक फॉर्म आलाय आणि चार दिवस झाले, तो फ्रिजवर चुंबकाखाली लटकतोय. त्यात काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून इथे येऊन बसले.

झालं असं. जून-जुलैच्या सुट्टीत साताऱ्याला गेलो होतो. एका दुपारी माझा डोळा लागलेला असताना सासूबाईंनी नातीला सोनाराकडे नेलं आणि नाक टोचून आणलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. कन्या वय वर्षे १३, ती हवेतच. डरबनला परतल्यावर शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंनी अडवलं : चमकी काढ, नाहीतर घरून सवलतीचा अर्ज भरून आण. अर्जात तीन रकाने. वस्तू कोणती. तिचा कोणत्या धर्माशी वा संस्कृतीशी संबंध. आणि तिसरा, सगळ्यात ऐसपैस : ही वस्तू तुम्हाला का महत्त्वाची वाटते ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

नवरा म्हणाला, "लिही, माझ्या आईची हौस."

मग कळलं की हा अर्ज जन्माला आला तोच मुळी आमच्या गावातल्या एका चमकीमुळे. डरबन गर्ल्स हायस्कूलमधली एक तमिळ मुलगी. २००४ च्या सप्टेंबरच्या सुट्टीत आईच्या परवानगीने नाक टोचून सोन्याची बारीक चमकी घालून आली. शाळेच्या नियमात कानातले साधे खडे चालत होते, नाकातलं नाही. आईने पत्र लिहिलं : ही फॅशन नाही, आमच्या घराण्यात मुलगी वयात आली की नाक टोचतात, पुढे १६ व्या वर्षी आजी सोन्याच्या जागी हिऱ्याची घालते. शाळा म्हणाली, प्रवेश घेताना नियम पाळण्याच्या कागदावर तुम्हीच सही केली होती. झालं, प्रकरण कोर्टात. २००५ मध्ये समता न्यायालयात शाळा जिंकली, २००६ मध्ये उच्च न्यायालयात मुलगी, आणि ५ ऑक्टोबर २००७ ला जोहान्सबर्गच्या घटना न्यायालयाने निकाल मुलीच्या बाजूने दिला. तोवर ती शाळा सोडूनही गेली होती! तरी कोर्ट म्हणालं, प्रश्न एका पोरीचा नाही, ऐकू.

शाळेचा मुख्य मुद्दा असा की हिंदू धर्मात चमकी सक्तीची नाही. जाणकारांना विचारलं होतं, आणि आईनेही सक्तीची आहे असं म्हटलं नव्हतं. त्यावर सरन्यायाधीश पायस लांगा यांचं म्हणणं थोडक्यात असं : सक्तीची नसली म्हणून काय झालं? माणूस स्वखुशीने जी रीत पाळतो तिलाही तेवढंच संरक्षण. ग्रंथात काय लिहिलंय हे आम्ही बघणार नाही, हिला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं का, एवढंच बघू. शाळेने भीती घातली की आज चमकी, उद्या जटा, गोंदणं, लंगोट्या. लांगांनी लिहिलं की आजवर भीतीने गप्प बसलेली मुलं उद्या आपापल्या रीतीभाती घेऊन शाळेत आली, तर त्याचा आनंद मानायचा.

मला हे वाचून भारी वाटलं आणि घामही फुटला. कारण तिसरा रकाना अजून कोरा आहे. आम्ही घरात श्रावण पाळत नाही. मनापासून म्हणजे नक्की कोणाच्या मनापासून?

---

तिरकस

नवऱ्याचं उत्तर सर्वोत्तम. तेच भरा.

---

वकीलीणबाई

सायली, धागा आवडला. थोडी भर घालते.

आपल्याकडे याच्या बरोब्बर उलट चालतं. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून आपली कोर्टं विचारतात की ही प्रथा त्या धर्माचा 'अत्यावश्यक भाग' आहे का. मग न्यायमूर्ती पोथ्या, कुराण, भाष्यं चाळत बसतात. शबरीमला (२०१८) तसंच, कर्नाटकचा हिजाब खटला (२०२२) तसाच. गंमत म्हणजे त्या हिजाब खटल्यात मुलींच्या वकिलांनी डरबनच्या याच चमकीचा दाखला दिला होता. उच्च न्यायालयाला तो काही पटला नाही. तिथली परिस्थिती वेगळी, म्हणून बाजूला ठेवला.

आणि लांगांच्या निकालातही सगळ्यांचं एकमत नव्हतं हं. न्या. केट ओ'रेगन यांनी वेगळं मत लिहिलं. चमकी ही धर्माची नाही, संस्कृतीची बाब आहे आणि दोन्हींना एकच माप लावू नका, असं त्यांचं म्हणणं. धर्म एकट्या माणसाच्या मनातही असू शकतो, संस्कृती चारचौघांत वाटलेली असते. तेव्हा 'मला मनापासून वाटतं' एवढ्यावर ती सिद्ध होत नाही. मला व्यक्तिशः हे जास्त पटतं. सासूबाईंना देवाचं काही म्हणायचं नव्हतं, त्यांना नात आपल्यातली दिसायला हवी होती.

---

सायली_डरबन

हे फारच नेमकं बोललात. सासूबाईंना फोनवर विचारलं, "नाक का टोचलंत?" त्या म्हणाल्या, "मग काय बोडकं ठेवायचं?" आता हे इंग्रजीत कसं लिहू?

---

नास्तिक_नाना

सगळं गोडगोड चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकतो.

'मनापासून मानतो' ही कसोटी म्हणजे भोंदूंना मोकळं रान. त्याच दक्षिण आफ्रिकेत २०१४ मध्ये एका पाद्र्याने भक्तांना गवत खायला लावलं, देवाच्या जवळ जाल म्हणून. २०१६ मध्ये लिम्पोपो प्रांतातल्या दुसऱ्याने लोकांच्या तोंडावर 'डूम' फवारलं. डूम म्हणजे झुरळं मारायचं औषध, आपल्याकडच्या हिटसारखं. रोग बरे होतात म्हणे. फोटो जगभर फिरले. ते भक्तही मनापासूनच रांगेत उभे होते ना? मग?

आपल्याकडे दाभोलकरांना जीव द्यावा लागला तेव्हा कुठे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. आणि तुम्ही म्हणता कोर्टाने श्रद्धेची चिकित्सा करू नये!

---

वकीलीणबाई

नाना, अर्धंच सांगितलंत. त्या डूमवाल्या पाद्र्याला २०१८ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. मारहाणीबद्दल, आणि कीटकनाशकाचा गैरवापर केल्याबद्दल. झुरळाचं औषध माणसावर मारलं, एवढा साधा गुन्हा. श्रद्धा खरी की खोटी या भानगडीत कोर्टाला शिरावंच लागलं नाही.

मात्र त्या प्रकरणांमुळे मोठा वाद झाला हे खरं. तिथे सांस्कृतिक, धार्मिक आणि भाषिक समुदायांच्या हक्कांसाठी घटनेनेच नेमलेला एक आयोग आहे. त्याने २०१७ मध्ये अहवाल दिला की धर्मोपदेशकांना परवाना पद्धत लावा, नोंदणी करा. चर्चवाल्यांनी रान उठवलं आणि संसदेच्या समितीनेही ते मान्य केलं नाही. प्रार्थना करायला सरकारी लायसन्स म्हटल्यावर तिथल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, त्याला कारण आहे. वर्णद्वेषाच्या काळात डच रिफॉर्म्ड चर्च आणि सरकार एकाच ताटात जेवत होते. गोरे-काळे वेगळे ठेवणं बायबलात बसतं हे त्या चर्चचे पंडित सांगत आणि शाळांतून 'ख्रिस्ती राष्ट्रीय शिक्षण' चाले. धर्म म्हणजे काय हे सरकारने ठरवलं की काय होतं ते त्या लोकांनी भोगलंय.

---

पाटीलबुवा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

---

गोदाकाठ

नाना, तुमच्या प्रश्नाला उत्तर देणारी एक केस मला माहीत आहे. जोहान्सबर्गला चार वर्षं हॉटेल व्यवसायात होते, तिथे ही गोष्ट प्रत्येक एचआरवाल्याला तोंडपाठ.

प्रिटोरियाजवळच्या एका मोठ्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात एक बाई शेफ होती. तिला स्वप्नात पूर्वज दिसायला लागले. तिकडे याचा अर्थ ठरलेला : पूर्वज बोलावतायत, तुला सांगोमा व्हायचंय. सांगोमा म्हणजे आपल्या भाषेत देवऋषी म्हणा, वैदू म्हणा, भगत म्हणा, तिन्ही मिळून. बोलावणं नाकारलं तर माणूस आजारी पडतो, घरावर संकट येतं अशी पक्की समजूत. त्याचं रीतसर शिक्षण असतं, गुरूकडे राहावं लागतं. बाईने आधी दुपारच्या वेळा बदलून घेतल्या, मग २००७ मध्ये शेवटच्या टप्प्यासाठी पाच आठवड्यांची बिनपगारी रजा मागितली. साहेब म्हणाले, एक आठवडा देतो. तिने गुरूचा दाखला आणून दिला, त्यात आजाराचं नाव काय, तर 'पूर्वजांचे संकेत', तेही चुकीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये. डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही म्हणून साहेबांनी ते धरलं नाही. ती गेली, परत आली, नोकरीवरून काढली.

लवादापासून सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत (२०१३) कंपनी हरत गेली. कोर्टाने म्हटलं, तिच्या श्रद्धेत तर्क आहे का, सुसंगती आहे का हे आम्ही जोखू शकत नाही, जोखायचा अधिकारही नाही. ती खरंच मानते का आणि न जाण्याने तिला काही होईल असं तिला खरंच वाटत होतं का, एवढंच. शिवाय ती नसताना किचन बंद पडणार होतं असंही मालकाला दाखवता आलं नाही.

माझ्या डोक्यात लगेच वारी आली. मी पूर्वी एका कारखान्याच्या कँटीनचं काम बघायचे, तिथे एक मामा होते. दरवर्षी आषाढीआधी रजेचा अर्ज, दरवर्षी नामंजूर, आणि दरवर्षी मामा आळंदीहून चालायला लागलेले. परत आले की पगार कापलेला, मेमो हातात. मामा मेमो घडी करून कपाळाला लावायचे आणि खिशात ठेवायचे. माळेच्या डबीत साठवले होते म्हणे सगळे.

---

तिरकस

मेमो कपाळाला लावणारा माणूस. दंडवत.

---

नास्तिक_नाना

सांगोमाची केस भारी आहे, मान्य. पण मग त्याच देशात १९५७ चा जादूटोणा दडपण्याचा कायदा होता ना? त्यात तर अलौकिक शक्तीने चोरीचा माल शोधून देतो असं पैशासाठी सांगणंही गुन्हा.

---

वकीलीणबाई

होता. गोऱ्या सरकारने केलेला. आणि लिम्पोपोच्या खेड्यांतून त्याबद्दल काय बोललं जायचं माहीत आहे? "सरकार चेटकिणींच्या बाजूचं आहे." कारण चेटकीण म्हणून कोणाकडे बोट दाखवणाराच आधी तुरुंगात जातो, आणि जिने करणी केली असं गावाला वाटतं ती घरीच. ८० आणि ९० च्या दशकांत तिथे किती तरी म्हाताऱ्यांना चेटकीण म्हणून जाळलं गेलं. १९९५ मध्ये त्यासाठी रालुशाई आयोग नेमावा लागला. आपल्याकडच्या डाकीण प्रकरणांसारखंच : कायदा म्हणतो चेटूक नसतंच, गाव म्हणतं असतं, आणि मधल्या मध्ये एक विधवा आणि तिचं वावर.

दुसरीकडे २००७ मध्ये तिथेच पारंपरिक वैद्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यांची परिषद, नोंदणी वगैरे. म्हणजे एका कायद्याने सांगोमाला खुर्ची दिली, दुसऱ्याने संशय घेतला.

---

दर्यावर्दी

रत्नागिरीतून लिहितोय. माझा विषय जरा वेगळा, पण याच धाग्यात बसतो.

केपटाउनला आमच्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. चिपळूण, खेड, माणगाव भागातली माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीने गेली. घराघरात अजून 'कोकणी' म्हणूनच ओळख, जुन्या बायांची बोलीही शाबूत. माझ्या आईची एक खाला, म्हणजे मावशी, तिकडे दिलेली. १९७८ मध्ये निकाह झाला, मौलवी, साक्षीदार, मेहर, सगळं रीतसर. १९९१ ला खालू, म्हणजे तिचा नवरा, वारले. मृत्यूपत्र केलेलं नव्हतं. मृत्यूचा दाखला आणायला सरकारी कचेरीत गेली तर दाखल्यावर खालूंच्या नावापुढे लिहिलेलं : 'कधीही लग्न न झालेला'. चार पोरांचा बाप!

निकाहनामा पुढे केला तर खिडकीतल्या बाईने तो नुसता परत सरकवला. कायद्याच्या लेखी खाला त्यांची कोणीच नव्हती. घर खालूंच्या नावावर. पुढचं सांगत नाही, दिरांची नावं घ्यावी लागतील.

आई सांगते, खालाने तो दाखला फाडला नाही, पेटीत ठेवला. म्हणायची, मी मेले की माझ्याबरोबर ठेवा, अल्लाला दाखवीन.

---

सायली_डरबन

बाप रे. हे चमकीपुढे फार मोठं आहे.

---

वकीलीणबाई

दर्यावर्दी, तुमच्या खालाचं दुखणं फार जुनं आहे आणि त्याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. लांबण लागेल, पण लिहिते.

१४ मार्च १९१३. केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. सर्ल यांनी निकाल दिला की जी लग्नं ख्रिस्ती पद्धतीने झालेली नाहीत आणि नोंदलेलीही नाहीत, ती या देशात लग्नं नव्हेत. मूळ खटला एका मुसलमान बाईला बोटीतून उतरू देण्याचा होता. पण एका फटक्यात हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्यांच्या बायका 'ठेवलेल्या' ठरल्या. गांधींनी लिहिलंय की हे कस्तुरबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, म्हणजे या देशाच्या कायद्याने मी तुमची बायको नाही? आणि सप्टेंबरमध्ये कस्तुरबा बायकांच्या पहिल्या तुकडीत सत्याग्रहाला निघाल्या, पीटरमारित्झबर्गच्या तुरुंगात तीन महिने सक्तमजुरी भोगली. लग्नाच्या दाखल्यासाठी बायका तुरुंगात गेल्या, असं माझी आजी सांगायची, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

(अवांतर : त्याच्या आदल्याच वर्षी, १९१२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले तिकडे गेले होते. गांधींनी हट्ट धरला की हिंदी लोकांपुढे इंग्रजीत नको, मराठीत बोला, इथे कोकणी मुसलमान आहेत, महाराष्ट्रातले हिंदू आहेत. मी हिंदुस्तानीत भाषांतर करतो. गोखले खो खो हसले, तुमचं हिंदुस्तानी किती ते कळलं, आता मराठी कुठे शिकलात? पण बोलले मराठीतच. दर्यावर्दी, तुमचे कोणी पणजोबा त्या सभेत असतील तर नवल नाही.)

१९१४ च्या कायद्याने तडजोड झाली : एकच बायको असेल आणि नोंदणी केली तर लग्न मान्य. म्हणजे मंदिरात किंवा मशिदीत केलेलं नुसतं लग्न तसंच लटकत राहिलं. १९१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं की ज्या लग्नात चार बायकांची मुभा आहे ते नीतीला धरूनच नाही, मग त्या माणसाने एकच केली का असेना.

पुढची गंमत बघा. मंडेला सरकार आलं, १९९८ मध्ये कायदा करून आफ्रिकी रूढींप्रमाणे झालेली लग्नं मान्य केली, एकाहून जास्त बायकांची सुद्धा. पण निकाह बाहेरच! म्हणजे आक्षेप बहुपत्नीत्वाला होता हेही खोटं. तुकड्यातुकड्याने कोर्टानेच दारं उघडली. २००४ मध्ये म्हटलं, वारसाहक्कापुरता 'जोडीदार' या शब्दात निकाह लावलेली विधवा येते. २००९ मध्ये एकाहून जास्त बायका असतील तरी येते. २०१४ मध्ये शंभराहून जास्त इमामांना सरकारी विवाह अधिकारी केलं. आणि २८ जून २०२२ ला घटना न्यायालयाने एकमताने सांगितलं की मुस्लिम लग्नं न मानणारे विवाह आणि घटस्फोटाचे कायदे घटनाबाह्य आहेत, संसदेने दोन वर्षांत दुरुस्त करावेत. घटस्फोटाच्या कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झालीही.

पण ती सवलत १५ डिसेंबर २०१४ ला, म्हणजे दावा दाखल झाला त्या दिवशी, जी लग्नं चालू होती त्यांच्यापासून पुढे. तुमच्या खालाला काहीच मिळालं नाही.

---

दर्यावर्दी

माहीत आहे. २००९ मध्ये वारली ती.

एक मात्र सांगतो. तिकडचे आमचे काही मौलवी या कायद्याच्या विरोधातच होते. म्हणायचे, शरीयतचं लग्न सरकारच्या कोर्टात गेलं की उद्या तलाक, इद्दत, वाटणी सगळं गोरा जज्ज ठरवणार. दाखला नसलेला बरा. वर्षानुवर्षं मसुदे आले आणि यावरून अडले. आणि कोर्टात गेल्या त्या बायका. धर्म विरुद्ध कायदा असं तुम्ही म्हणता खरं, पण आमच्या घरात तो वाद मौलवी विरुद्ध खाला असा होता. धर्म दोघांचा एकच.

---

नास्तिक_नाना

दर्यावर्दी, या एका प्रतिसादासाठी माझे वरचे दोन मागे घेतो.

---

पाटीलबुवा

आता गांजाचं कोणीतरी काढा. तिकडे गांजा कायदेशीर आहे ना? धर्माच्या नावाखाली?

---

गोदाकाठ

बुवा, तीच तर खरी मजा. धर्माच्या नावाखाली मागितला तेव्हा मिळाला नाही.

गॅरेथ प्रिन्स नावाचा रास्ताफारी (गांजा पवित्र मानणाऱ्या पंथाचा) माणूस. कायद्याची पदवी घेतलेला. वकिलीआधीची उमेदवारी नोंदवायला गेला तर वकिलांच्या संस्थेने अडवलं, कारण गांजा बाळगल्याबद्दल दोनदा शिक्षा झालेली, आणि साहेब स्पष्ट म्हणाले की पुढेही ओढणार, ते आमचं पूजाद्रव्य आहे. तिकडे गांजाला दाग्गा म्हणतात. जानेवारी २००२ मध्ये घटना न्यायालयात तो ५ विरुद्ध ४ असा हरला. त्याची श्रद्धा खरी याबद्दल कोणालाच शंका नव्हती! बहुमताचं म्हणणं, पोलिसांनी पूजेचा गांजा आणि मजेचा गांजा ओळखायचा कसा?

मग १६ वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, त्याच कोर्टाने मोठ्या माणसाने खाजगीत गांजा ओढणं, घरी लावणं हा गुन्हा नाही असं एकमताने सांगितलं. दावा करणाऱ्यांत हाच प्रिन्स. पण या वेळी आधार खाजगीपणाचा, धर्माचा नाही. म्हणजे देवासाठी मागितला तेव्हा नाही आणि घराची कडी लावून मागितला तेव्हा हो. २०२४ मध्ये त्याचा रीतसर कायदाही झाला.

---

सायली_डरबन

म्हणजे माझा मूळ मुद्दा लंगडा पडला की. मनापासून मानणं एवढंच पुरत नाही.

---

वकीलीणबाई

नाहीच पुरत. ते फक्त आत शिरायचं तिकीट. आत गेल्यावर कोर्ट तराजू काढतं : तुम्हाला किती जाच होतो, दुसऱ्याचं किती नुकसान होतं.

२००० सालचा खटला बघ. १९६ ख्रिस्ती शाळांची संघटना कोर्टात गेली की आम्हाला छडी मारायची परवानगी द्या, बायबलात सांगितलंय, पालकही राजी आहेत. न्या. अल्बी सॅक्स यांनी नाही म्हटलं. (हे सॅक्स म्हणजे मापुतोत १९८८ मध्ये गाडीतल्या बाँबने ज्यांचा हात आणि एक डोळा गेला ते.) पण नाही म्हणतानाही त्यांनी एक गोष्ट लिहिली जी मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते : श्रद्धाळू माणसाला कायद्यातून आपोआप सुटका मागता येणार नाही, पण सरकारनेही शक्य तिथे त्याला 'देव धरू की कायदा' अशा जीवघेण्या पेचात टाकू नये.

आणि २०१९ मध्ये घरात आईबापांनी मारण्यालाही कोर्टाने कायद्याचं कवच उरू दिलं नाही. त्या खटल्यातही एक ख्रिस्ती संघटना छडीच्या बाजूने होती. निकाल कोणी लिहिला? सरन्यायाधीश मोगोएंग मोगोएंग यांनी, जे स्वतः उघडपणे कट्टर ख्रिस्ती, चर्चमध्ये प्रवचन देणारे.

---

हापूस_हंगामी

डरबनजवळच इसिपिंगोमध्ये अजानचा खटला झाला होता ना? मदरशाच्या समोर राहणारा हिंदू गृहस्थ कोर्टात गेला, २०२० मध्ये जिंकला, २०२२ मध्ये अपिलात हरला. आपल्याकडे भोंग्यांवरून त्याच वर्षी काय चाललं होतं आठवा. मला तर वाटतं की

(प्रतिसादाचा पुढचा भाग संपादित)

---

व्यवस्थापक

भोंगे, मतं आणि पक्ष यांसाठी वेगळा धागा काढा. इथे दक्षिण आफ्रिका चालू आहे, तेच चालू द्या.

---

तिरकस

धाग्याचा काश्मीर होता होता वाचला.

---

गोदाकाठ

सायली, वकीलीणबाईंचं सगळं खरं असलं तरी रोजच्या जगण्यात ते इतकं उदात्त नसतं हेही सांगते. १९९७ मध्ये याच घटना न्यायालयाने रविवारी वाइन विकणाऱ्या एका दुकानातल्या बाईची शिक्षा कायम ठेवली होती. रविवार, गुड फ्रायडे, नाताळ या दिवशी वाइन विकायची नाही असा जुना नियम. एकीकडे सगळे धर्म सारखे आणि एकीकडे दारूबंदीचं कॅलेंडर ख्रिस्ती. न्यायाधीशांतही तट पडले होते. देश एका रात्रीत धुऊन निघत नाही.

---

सायली_डरबन

अपडेट.

काल रात्री मी लॅपटॉपवर या धाग्यातले मुद्दे गोळा करून तिसऱ्या रकान्यासाठी चांगलं अर्ध्या पानाचं निवेदन लिहिलं. लांगा, संस्कृती, समुदायाची ओळख, सगळं. वाचून दाखवलं. लेक म्हणाली, "आई, नाक माझं आहे ना?" आणि पेन घेऊन स्वतःच लिहिलं. जसंच्या तसं मराठीत देते :

"माझ्या आजीच्या नाकात आहे. तिच्या आईच्या नाकात होती, ती माझ्या पाळण्यात ठेवली होती. आजी वर्षातून एकदा भेटते. टोचताना दुखलं, मी रडले नाही. काढली तर भोक बुजेल आणि पुढच्या वर्षी आजी ओरडेल."

धर्माच्या रकान्यात तिने आधी 'हिंदू' लिहिलं, मग खोडून 'सातारा' लिहिलं. मी ते पुन्हा खोडणार होते, राहू दिलं.

आज अर्ज मंजूर होऊन आला. शेरा : खडा एकच, रंगीत नको, खेळाच्या तासाला वरून चिकटपट्टी लावावी.

सासूबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "शाळेला कशाला विचारायचं होतं?"

---

दर्यावर्दी

मुबारक. पोरीला आमच्याकडून काजू पाठवतो.

---

वकीलीणबाई

'सातारा' हे धर्माच्या रकान्यात लिहिणं हा पुरावा मी वर्गात वापरणार आहे, परवानगी आहे ना?

---

पाटीलबुवा

चमकी तारेची आहे का फिरकीची? फिरकीची असेल तर खेळताना सैल होऊन पडते, आमच्या पुतणीची दोनदा हरवली. तारेची घाला आणि रात्री खोबरेल लावा. चिकटपट्टीचा तर नादच नको, काढताना चमकी तिच्याबरोबर येते.